विल्फची पहिली तक्रार

माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षांत कधी कुणाकडे तक्रार केली नाही. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. कौतुक लोक करतात, कारण त्यांना त्याच्याबरोबर राहावं लागत नाही.

विल्फ्रेड ओल्डरॉइड म्हणजे आमच्या हडर्सफील्डच्या शाळांचे बॉयलर सांभाळणारा माणूस. मी त्यातल्याच एका शाळेत स्वयंपाकीण होते. एका जानेवारीत बॉयलर बंद पडला आणि पोरं अंगात कोट घालून जेवायला बसली, तेव्हा विल्फ पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात आला. दोन तासांत त्याने पाइप गरम केले. मी चहा दिला, तर कप डाव्या हाताने घेतला. उजवा तळवा सगळा भाजला होता.

"अहो, हात बघा तुमचा!" मी ओरडले.

"काही नाही, ठीक आहे," तो म्हणाला आणि चहा छान झालाय म्हणाला.

मला वाटलं, काय धीराचा माणूस आहे! पंचविशीत होते, अक्कल बेताचीच.

लग्नानंतर धीर कसला ते कळलं. हिरवा सोफा मागवला होता, तपकिरी आला. "हाही छान आहे," म्हणून विल्फने सही केली, आणि तो सोफा एकोणीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर राहिला. न्हाव्याने कानाला कात्री लावली, तर हा कानाला रुमाल दाबून, न्हाव्याला वर बक्षिसी देऊन घरी आला. कुणी विचारलं, "काय विल्फ, कसं काय?" की उत्तर ठरलेलं: "तक्रार नाही." यॉर्कशायरमध्ये सगळेच असं म्हणतात. बाकीचे नुसतं म्हणतात, विल्फ ते पाळतो.

खोटं कशाला बोलू, मीही काही कमी नाही. मी तक्रार करते, भरपूर करते, पण विल्फकडे. वेटर समोर येऊन उभा राहिला की माझ्याही तोंडून "छान आहे, थँक यू" एवढंच निघतं. मग खोलीवर गेल्यावर मी तासभर विल्फचं डोकं खाते.

वेटर म्हटलं, कारण आमची चैन तीच. परदेश नाही, मोठी गाडी नाही. पण दर दोन वर्षांनी, लग्नाच्या वाढदिवसाला, एखाद्या जुन्या जमीनदाराच्या हवेलीत एक रात्र. हल्ली त्या सगळ्यांची हॉटेलं झाली आहेत. मला जायचं असतं ते पाय सोडून बसता येईल अशा न्हाणीच्या टबासाठी आणि दुसऱ्याच्या हातचं जेवायला. विल्फ जातो खोल्या गरम पाण्याने उबदार ठेवणारे जुने रेडिएटर बघायला. सरदार-दरकदारांच्या तसबिरींकडे तो ढुंकून बघत नाही. गुडघ्यावर बसून बोटाच्या पेराने बिडाच्या रेडिएटरवर टकटक करतो आणि म्हणतो, "ऐक पोरी, शंभर वर्षांचा आहे, अजून खणखणीत!" मी सहासष्टची झाले तरी त्याची पोरीच.

एकदा लेक डिस्ट्रिक्टमधल्या एका हवेलीत गरम पाणीच येत नव्हतं. मी म्हटलं, खाली फोन कर. तो खाली गेला आणि अर्धा तास आलाच नाही. जाऊन बघते तर साहेब तळघरात, चांगल्या सुटाच्या बाह्या वर करून व्हॉल्व्ह दुरुस्त करतायत! पाना दिल्याबद्दल तिथल्या माणसाचे आभारही मानले. ही गोष्ट मी चारचौघांत हसून सांगते, पण त्या दिवशी मी टबात बसून रागाने रडले होते.

या वर्षी लग्नाचा चाळिसावा वाढदिवस. वेदरक्रॉफ्ट हॉल जानेवारीतच ठरवून ठेवला होता. तिथल्या जेवणाचं फार नाव आहे, लोक नुसते जेवायला लंडनहून येतात. पण मे महिना उजाडेपर्यंत माझं लक्ष जेवणावर राहिलं नव्हतं.

विल्फ वाळत चालला होता. पट्ट्याला त्याने नवीन भोक पाडलं, मग आणखी एक. सकाळचा टोस्ट अर्धा ठेवायचा. रविवारी बटाट्यांसाठी हात पुढे करणारा माणूस "दुपारी बिस्किट खाल्लं ना" म्हणायला लागला. मी रोज विचारायचे. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं की म्हणायचा, "त्यांना खरे आजारी लोक कमी आहेत का?" मुलीने फोनवर विचारलं, तिलाही तेच: तक्रार नाही. माझे नाकी नऊ आले. शेवटी मी ठरवलं की वेदरक्रॉफ्टला घरची कामं नसतील, बाग नसेल, शेजारचा कुत्रा नसेल. समोरासमोर बसवायचं आणि या माणसाच्या तोंडून खरं काय ते काढायचं. ते काढल्याशिवाय परत यायचं नाही.

सुरुवातच वाईट झाली. आम्ही हवेलीतली तळ्याकडची खोली मागितली होती, त्यांनी मागच्या तबेल्यातली दिली. तबेला आता गुळगुळीत केलाय, पलंग वगैरे सगळं आहे. पण खिडकीबाहेर तळं नाही, स्वयंपाकघराचं धुराडं होतं आणि ते घों घों करत होतं. शिवाय रेडिएटर नव्हता, जमिनीखालून गरम होत होतं. म्हणजे विल्फलाही काही मिळालं नाही!

"खोली आवडली ना?" सामान आणणाऱ्याने विचारलं.

"छान आहे," विल्फ म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अरे, निदान खोलीबद्दल तरी बोल! सरावाला तरी बोल!"

"कशाला त्याला त्रास? त्याने थोडीच दिली खोली." असं म्हणून तो पलंगावर बसला, आणि बूट काढायला वाकताना मध्येच थांबला. "ठीक आहेस ना?" मी विचारलं. "ठीक आहे," तो म्हणाला.

जेवायला साडेसातला गेलो. उंच छत, पांढरेशुभ्र टेबलपोस, सगळे लोक कुणी आजारी झोपलंय अशा आवाजात बोलत होते. एकापाठोपाठ सात ताटल्या यायच्या होत्या. सातही मिळून माझ्या शाळेतल्या पहिलीच्या पोराचं एक ताट भरलं असतं. आम्हाला वाढायला पॉलीन नावाच्या बाई होत्या. पन्नाशीच्या, पाय दुखत असावेत, कारण उभ्या राहिल्या की एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार टाकायच्या. बोलणं आमच्याच बाजूचं.

पहिली ताटली बीटाची. विल्फने दोन घास घेतले आणि बाकीचं काट्याने पसरत बसला. दुसरी माशाची; त्याने मासा सॅलडच्या पानाखाली सरकवला. मग कोकराचं मांस आलं, सोबत चमचाभर कुस्करलेला बटाटा. बघते तर याने मांसाचे तुकडे बटाट्याखाली पुरले आणि वरून काट्याने नीट सारखं केलं.

एकतीस वर्षं मी शाळेत पोरांना वाढलं आहे. कोबी बटाट्याखाली कसा पुरतात हे मला शिकवायला नको. अडुसष्ट वर्षांचा माझा नवरा माझ्यासमोर तेच करत होता आणि मी बघत नाहीये असं समजत होता.

मी टेबलाखालून त्याच्या पायाला पाय मारला. "विल्फ, ते काय चाललंय?"

"चवीचवीने खातोय."

"पुरतोयस तू! मला दिसत नाही का?"

"हळू बोल, पोरी. लोक आहेत."

"लोक गेले खड्ड्यात. तू ठीक आहेस ना?"

"ठीक आहे म्हटलं ना."

तेवढ्यात पॉलीनबाई आल्या. प्रत्येक ताटलीला येत होत्या. "सगळं ठीक आहे ना?" आणि आम्ही दोघं एका सुरात, "छान आहे, थँक यू." दोन्ही वेळा! मीसुद्धा! माझी मलाच चीड आली.

या वेळी मात्र त्यांनी ते विचारलं नाही. ताटली उचलायला हात पुढे केला, बटाट्याकडे बघितलं, मग विल्फकडे बघितलं. ताटली तिथेच ठेवली.

"काय होतंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

विल्फने तोंड उघडलं. "छान" येणार म्हणून मी वाटच बघत होते. आलं नाही. त्याने रुमालाने ओठ पुसले आणि म्हणाला, "बरं नाही चाललंय, बाई."

देवाशपथ सांगते, मला आनंद झाला. चाळीस वर्षं वाट बघितली होती त्याची! मला वाटलं, मांस वातड आहे म्हणून बोलतोय. टाळी वाजवायचीच बाकी राहिली होती. "सांग, सांग त्यांना," मी म्हटलं, "घाबरू नकोस!"

"जेवण उत्तम आहे," तो म्हणाला. "घशाखाली उतरत नाही."

माझा हात तसाच राहिला. शेजारच्या टेबलावरची बाई वळून बघायला लागली.

अशा ठिकाणी वाढणाऱ्याने पाहुण्याच्या टेबलाशी बसायचं नसतं. पॉलीनबाईंनी सरळ खुर्ची ओढली आणि बसल्या. "कधीपासून?"

"फेब्रुवारी. पाव अडकायला लागला. मग मटण."

"आता मऊसुद्धा?"

"मऊसुद्धा. मंगळवारपासून पाणीही हळूहळू प्यावं लागतं. इथे, मधोमध थांबतं." त्याने छातीवर बोट ठेवलं. "आणि पहाटे उलटी होते."

फेब्रुवारी. मंगळवार. याच्याकडे तारखा होत्या! मी रोज विचारत होते त्या माणसाने सगळं मनात टिपून ठेवलं होतं आणि ते आता एका अनोळखी बाईला सांगत होता, बॉयलरचा बिघाड सांगावा तसा, क्रमाने, एकही गोष्ट न विसरता. मला भीतीही वाटली आणि रागही आला. आधी काय, ते सांगता येणार नाही.

"माझ्या भावाला असं झालं होतं," पॉलीनबाई म्हणाल्या. "त्याने उशीर केला. तुम्ही सोमवारी सकाळी जा. कळलं? सोमवारी."

त्यांना बसलेलं बघून मॅनेजर लगबगीने आला. काळा कोट, दोन्ही हात एकमेकांत. "सर, काही चुकलं का आमचं? शेफना बोलावू का? दुसरं काही आणू का?"

आणि विल्फ, माझा विल्फ, ज्याला पाणी गिळवत नाही, तो चक्क माफी मागायला लागला. "नाही हो, सगळं छान आहे. शेफना सांगा, छान आहे."

"छान नाही!" मी म्हटलं.

म्हटलं कसलं, ओरडले. काटे थांबले. मी उभी राहिले होते, कधी ते आठवत नाही. "काही छान नाही! खोली छान नाही, ते धुराडं छान नाही, आणि माझा नवरा तीन महिने उपाशी आहे ते तर मुळीच छान नाही!"

मॅनेजर म्हणाला की खोली तर आत्ता बदलून देता येईल. तळ्याकडची रिकामी होती! आणि त्यांनी खरंच बदलून दिली. मागायचीच खोटी होती.

तिथे टब होता, पाय सोडून बसता येईल असा. मी त्यात गेले नाही. विल्फ पलंगाच्या कडेला बसला होता.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "त्या बाईला सांगितलंस. ती कोण आपली?"

"तिने विचारलं," तो म्हणाला.

"आणि मी काय करत होते तीन महिने?"

"तू म्हणायचीस, ठीक आहेस ना. तुझा चेहरा बघायचो मी. हो म्हटल्याशिवाय तुला झोप लागली नसती, पोरी."

मला त्याला मारावंसं वाटलं. खरंच वाटलं. मी उशी उचलली आणि भिरकावली, ती त्याच्या खांद्याला लागली. तो "ठीक आहे" म्हणणार होता, मी त्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि त्याने ते गिळलं. तेवढं मात्र बरोबर गिळता आलं. मग मी त्याच्या शेजारी बसले. त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तर मणके मोजता येत होते. रोज त्याच्या शेजारी झोपणाऱ्या बाईला हे कळू नये? कळत होतं. मला हो हवं होतं, म्हणून मी हो मिळेल असंच विचारत होते.

सोमवारी साडेआठला आम्ही दवाखान्यात होतो. डॉक्टर तरुण, चांगला मुलगा, नजर कॉम्प्युटरच्या पडद्यावर. "या, मिस्टर ओल्डरॉइड. बाकी सगळं ठीक ना?"

विल्फचं तोंड सवयीने उघडलं. मी त्याच्या गुडघ्यावर हात दाबला.

"डॉक्टर," मी म्हटलं, "तसं नका विचारू. त्याला नीट विचारा."

डॉक्टरने पडद्यावरची नजर काढली, खुर्ची आमच्याकडे फिरवली आणि विल्फकडे बघत विचारलं, "काय होतंय?"

विल्फने एकदा माझ्याकडे बघितलं. या वेळी मी चेहरा दुसरीकडे वळवला नाही आणि हसलेही नाही. मग तो फेब्रुवारीपासून सांगायला लागला.