लाल लंगोटवाला टकल्या

नगरच्या औद्योगिक वसाहतीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी टायपिस्ट होते. नव्याण्णव साली तिथे इंटरनेट आलं, आणि चांगली बाप्ये माणसं चहाच्या सुट्टीत किती खुळी होऊ शकतात याचे किस्से माझ्याकडे आपोआप साठत गेले. मैत्रिणी भेटल्या की अजून तेच मागतात.

इंटरनेटवर मारामारीचा एक गेम होता. दोन बोटभर माणसं आणि चार बटणं: पुढे, मागे, बुक्की, लाथ. पहिल्या गड्याला कुणीही पाडायचं. दुसरा, लाल लंगोटवाला टकल्या, कुणालाच आवरत नव्हता. सुट्टी पंधरा मिनिटांची, त्यातली सहा पान उघडण्यात जायची. उरलेली नऊ मिनिटं आमचे कर्ते पुरुष टकल्याचा मार खायचे.

*

स्टोअरकीपर थोरातांनी भिंगारच्या तालमीत अंग कमावलेलं. पहिल्या दिवशी निमिषात आडवे झाले.

"कीबोर्ड खराब हाय," ते म्हणाले. दुसरा कीबोर्ड आणला. पुन्हा आडवे.

"खुर्ची लई बुटकी हाय." माझी खुर्ची नेली. तरी आडवे.

मी उभ्या उभ्या विचारलं, "आता टेबल बदलायचं का?"

त्यांनी खरंच टेबलाखाली वाकून पाहिलं.

*

परचेसचे पाठारे म्हणजे गरीब गाय. चष्म्याशिवाय त्यांना समोरचं दार दिसत नसे. पण खेळायला बसताना ते चष्मा काढून डबीत ठेवायचे.

"काढता कशाला?" मी विचारलं.

"मारामारीत फुटला म्हणजे?"

आणि सुट्टी संपेपर्यंत त्यांचा गडी टकल्याकडे पाठ करून हवेत बुक्क्या मारत बसायचा.

*

मॅनेजर देशमुखसाहेबांनी शेवटी परिपत्रक काढलं: इंटरनेट फक्त कामासाठी. मीच टाईप केलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी साहेब आले, सगळे दचकून उठले. साहेब खुर्चीत बसले.

"बंद झालाय की नाही, खात्री करतो."

खात्री घंटा होईपर्यंत चालली. उठताना म्हणाले, "बाई, परिपत्रकात एक ओळ वाढवा. सुट्टी आता वीस मिनिटांची."

*

थोरातांची मुलगी मंगल कधीमधी डबा घेऊन यायची. एकदा मला हळूच म्हणाली, "मावशी, मला एम.कॉम. करायचंय. पप्पांना तुमी सांगा ना." मी सांगणार, तोच तिच्यासाठी आलेल्या राहुरीच्या स्थळाकडचे, म्हणजे मुलाचे वडील, बोलणी करायला परस्पर ऑफिसात आले. नेमकी चहाची सुट्टी.

थोरातांनी मानही वळवली नाही. "बसा पाव्हणं, दोनच मिन्टं. ह्यो पडतोय आता."

मला वाटलं, पाहुणे रागावून उठतील आणि पोरगी सुटेल. त्यांनी थोडा वेळ पाहिलं, मग खुर्ची ओढली.

"तुमची लाथ उशिरा पडती. सरका जरा."

घंटा झाली तरी दोघं एकाच कीबोर्डवर. लाथ पाहुण्यांची, बुक्की थोरातांची. आणि टकल्या पडला. साहेब केबिनमधून धावत आले, पाठाऱ्यांनी चष्मा लावला. थोरातांनी आणि पाहुण्यांनी एकमेकांना मिठी मारली.

"जमलं म्हणायचं," पाहुणे म्हणाले.

"जमलं," थोरात म्हणाले.

साहेबांनी पेढे मागवले. मी पेढा हातात तसाच धरून विचारलं, "अहो, पण मुलीला विचारलंत का?"

दोघांनी पडद्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

"कोणत्या मुलीला?" थोरात म्हणाले.