कॅमेरा चालू ठेवा

मी श्रीगोंदा तालुक्यातल्या एका तंत्रनिकेतनात शिकवते. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला माझा विषय डिजिटल कम्युनिकेशन, म्हणजे आवाज आणि चित्रं आकड्यांत बदलून तारेतून, हवेतून कशी जातात ते. त्यातला व्हेरिएबल बिट रेटचा, म्हणजे सेकंदाला किती आकडे पाठवायचे ते गरजेप्रमाणे बदलण्याचा धडा मला फार आवडायचा.

वर्गातली बहुतेक मुलं ऊसवाल्यांची. मी विचारायचे, कालव्याला पाणी सुटलं की तुम्ही दारं धरता ना, एकेका सरीत पाणी वळवायला? घड्याळ लावून प्रत्येक सरीला सारखंच पाणी दिलं, तर तो झाला ठरावीक बिट रेट. ओल्या सरीला कमी, कोरडीला जास्त दिलं, तर तो बदलता. चित्राचंही तसंच. माणसामागे नुसती भिंत असली, काही हलत नसलं, की थोडक्यात भागतं. मागे पानं हलत असली, पाऊस पडत असला, की क्षणाक्षणाला चित्र बदलतं आणि त्याला आकडे जास्त लागतात.

एका वर्षी हे सांगत असताना एक मुलगी उभी राहिली. अकोले तालुक्याच्या डोंगरातली, भंडारदऱ्याच्या अंगाची. आमच्या वसतिगृहात राहायची.

"मॅडम, आमच्याकडं भाताची खाचरं. वरचं भरलं की पाणी आपोआप खाली उतरतं. पण तुमच्या नेटवर्कमध्ये दार कोण धरतं? कुणाला किती द्यायचं, हे ठरवतं कोण?"

वर्ग हसला. मला मात्र तिचा प्रश्न इतका आवडला, की उरलेला तास मी त्यावरच बोलले. त्या वर्षी तिच्याइतका विषय समजलेलं दुसरं कुणी नव्हतं. डिप्लोमा झाला की थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जायचं, असं तिचं ठरलं होतं.

मग लॉकडाऊन आलं. वसतिगृह रिकामं झालं, ती गावी गेली. शेवटच्या तोंडी परीक्षा व्हिडिओ कॉलवर घ्यायचं ठरलं. नियम आले : कॅमेरा चालू पाहिजे, विद्यार्थ्याजवळ दुसरं कुणी दिसता कामा नये. आदल्या दिवशी दोन मुलांना शेजारून कुणीतरी उत्तरं सांगताना मी पकडलं होतं, त्यामुळे मी जरा तापलेलीच होते.

तिचा नंबर सकाळी अकराच्या सुमारास लागला. पडद्यावर ती आली तीच चौकोन चौकोन होऊन. मागे झाडं हलत होती, पाऊस होता. डोक्यावर एक काळी छत्री, आणि छत्री धरलेला कुणाचा तरी हात.

"शेजारी कोण आहे?" मी विचारलं.

"वडील आहेत मॅडम. छत्री धरलीय."

"त्यांना बाजूला व्हायला सांगा. चौकटीत कुणी चालणार नाही."

हात गेला, छत्रीही गेली. तिनं ओढणी डोक्यावरून पुढे ओढून मोबाईलवर आडोसा केला.

"मॅडम, कॅमेरा बंद करू का? आवाज तरी नीट जाईल."

हे वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं होतं. तिचं म्हणणं बरोबर होतं, हेही मला कळत होतं. मीच शिकवलं होतं ते. रेंज इतकी कमी, त्यात पावसाचं हलतं चित्र. ते चित्र थांबवलं असतं तर होती तेवढी सगळी जागा आवाजाला मिळाली असती.

मी म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा आहे. कॅमेरा चालू ठेवा."

आणि पहिला प्रश्न विचारला, ठरावीक आणि बदलत्या बिट रेटमधला फरक सांगा.

ती बोलत होती. ओठ हलताना दिसायचे, मध्येच चित्र थिजायचं. कानावर यायचे ते नुसते तुकडे. "...सारखा... पण जेव्हा... गरज..." पुढे खरखर. दुसऱ्या कॉलेजचे परीक्षक माझ्याबरोबर कॉलवर होते. आणखी दोन प्रश्न झाले, तेच झालं. तिच्या आधीचा मुलगा नगर शहरातला, पांढऱ्या भिंतीसमोर बसलेला. त्याचा शब्द न् शब्द ऐकू आला होता आणि त्यातला निम्मा चुकीचा होता. तो पास झाला होता.

"काय करायचं हिचं?" परीक्षकांनी विचारलं. "तुमची विद्यार्थिनी आहे, तुम्ही म्हणाल तसं."

"ऐकूच आलं नाही तर गुण कशाचे देणार?" मी म्हणाले.

पंचवीसपैकी आठ. पास व्हायला दहा लागत होते. पुन्हा फोन लावता आला असता, दुसरा दिवस देता आला असता. पण कॉलवर यायला अजून अकरा मुलं थांबली होती. मी पुढचं नाव पुकारलं.

फेरपरीक्षेला ती बसलीच नाही. चौकशी करायचं मनात यायचं, पण मी केली नाही.

दोन वर्षांनी प्रवेशांच्या प्रचारासाठी आम्हा शिक्षकांना शाळाशाळांतून पाठवलं. राजूरहून जीपनं मी तिच्याच गावच्या शाळेत पोचले. दहावीच्या मुलांशी बोलून बाहेर आले, तर व्हरांड्यात एक गृहस्थ टोपी हातात घेऊन उभे होते. मुलीचं नाव सांगून त्यांनी विचारलं, परीक्षा घेतलेल्या मॅडम तुम्हीच का. तिचे वडील. कॉलेजातून कुणीतरी आलंय, हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

त्यांनी मला शाळेमागच्या टेपाडावर नेलं. "चार दिस हिंडून जागा शोधली हुती तिनं. हितंच काय त्या रेंजच्या दोन दांड्या येत्यात."

वर एक सपाट खडक होता. आडोसा कशाचाच नव्हता. ते त्या खडकाकडे बघत म्हणाले, "तुमी सांगितलं तवा मी लगेच बाजूला झालो हुतो मॅडम. त्या तिकडं जांभळीखाली जाऊन हुबा ऱ्हायलो. पन आधी दिसलो ना तुमाला. त्याच्यामुळं गेलं का तिचं मार्क?"

"नाही हो. तुमच्यामुळे नाही," मी म्हणाले.

मग कुणामुळे, ते सांगायला तोंड उघडलं नाही. खाली ड्रायव्हर हॉर्न देत होता. मी त्यांच्याकडून तिचा नंबर घेतला आणि उतरले.

ती सिन्नरला एका कारखान्यात सर्किट बोर्ड तपासण्याचं काम करत होती. चार दिवसांनी मी फोन केला आणि सगळं सांगितलं : तू कॅमेऱ्याचं विचारलंस ते मला ऐकू आलं होतं, तुझं बरोबर होतं, चूक माझी होती.

ती म्हणाली, "मला वाटलं, मला येतच नव्हतं म्हणून आठ मिळाले. म्हणून परत बसले नाही."

गुण बदलता येतात का, ते मी कॉलेजात विचारून पाहिलं. येत नव्हते. मग मीच तिचा फेरपरीक्षेचा फॉर्म भरला. एक दिवसाची रजा काढून ती आली. दुसरेच परीक्षक होते, मी कोपऱ्यात बसले होते. तिनं सगळी उत्तरं दिली, पण प्रत्येक उत्तरानंतर खालच्या आवाजात विचारायची, "बरोबर आहे ना सर?" बावीस गुण मिळाले.

मी तिला स्टँडवर सोडायला गेले. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची कागदपत्रं बरोबर नेली होती. तिनं ती नीट घडी करून पर्समध्ये ठेवली.

"बघते मॅडम. पण आता नाही जमायचं बहुतेक. धाकट्या बहिणीचं कॉलेज चालू झालंय."

"वडिलांना सांगितलंस ना, की त्यांच्यामुळे नव्हतं?"

"सांगितलं. पण त्यांना पटत नाही. म्हणतात, मॅडम चांगल्या हायत, म्हणून तसं म्हणत्यात."

मी म्हणाले, मी स्वतः येऊन सांगते त्यांना. ती हसली. गाडी लागली आणि ती चढली.

त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. प्रवेशांच्या दिवसांत अकोल्याकडं कोण जाणार, असं विचारलं की मी दुसरा तालुका मागून घेते.