वर्गाभोवतीची वायर

"आवाज हाय, पण दम नाय," हा साउंडवाल्यांचा ठरलेला शेरा. चहा, पुढारी, शेजारचा नवा जावई, कुणालाही चालायचा. माझ्या शिकवण्याला तर त्यांनी तो पहिल्याच भेटीत देऊन टाकला.

रोह्याजवळच्या अष्टमी गावात त्यांचं लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान होतं. असा एक जण तुमच्याही गावात असेल. लग्न असो की निवडणूक, आधी माइकवर फुंकर मारणार आणि मग यजमानाचा पाणउतारा करणार. पेणला मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवत होते. तिथला अँप्लिफायर बिघडला म्हणून त्यांना बोलावलं.

"बहिऱ्या पोरांना ऐकवायचं ना? त्यात काय! मेलेला माणूस उठून नाचंल असा सेट हाय माझ्याकडं."

त्यांनी तो लावला. मुलांनी किंचाळत कानातली यंत्रं उपटून काढली. एकाने त्यांना डस्टर फेकून मारला. मी काही त्याला रागावले नाही.

दुसऱ्या दिवशी ते न बोलावता आले, एक यंत्र स्वतःच्या कानाला लावलं आणि दिवसभर मागच्या बाकावर बसून राहिले. शाळा सुटल्यावर म्हणाले, "बाई, पंखा ऐकला, बाकं ऐकली, यष्टीचा हॉर्न ऐकला. तुम्ही तेवढ्या ऐकू आला नाय."

मग महिनाभर खटपट चालली. वर्गाच्या चारी भिंतींच्या कडेने त्यांनी तांब्याची वायर फिरवली, ती अँप्लिफायरला जोडली आणि ऑर्केस्ट्राचा बिनतारी माइक माझ्या पदराला अडकवला. मुलांनी यंत्रावरचं एक बटण सरकवलं की माझा आवाज थेट कानात, पंखा आणि बाकं बाहेर. मी फळ्याकडे तोंड करून मागच्या बाकावरच्या, जोहे गावच्या मुलीला हाक मारली. तिने "ओ" दिली. मला रडूच आलं.

"रडू नका, माइकात पाणी जाईल," ते म्हणाले.

एकदा माइक बंद न करताच मी शिक्षकांच्या खोलीत गेले आणि मुख्याध्यापकांच्या केसांच्या टोपाची यथेच्छ टवाळी केली. परत आले तर अख्खा वर्ग डोक्यावर वही धरून बसलेला. त्यानंतर साउंडवाल्यांनी माइकला, तो चालू असला की लागणारा लाल दिवा बसवून दिला.

गणपतीच्या आधी जोह्याच्या त्या मुलीचे वडील आले. त्यांचा मूर्तींचा कारखाना होता.

"नेतो तिला. हात बरा हाय, डोळ्यांची आखणी करील. मशीन लावून काय उपयोग? तिला काय ऐकू येत नाय."

वर्गाला गणितं घालून मी शिक्षकांच्या खोलीत त्यांना समजावत होते. समजावून थकले. मुलगी हातची जाणार, हे मला दिसत होतं. साउंडवाले कोपऱ्यात वायरी सोल्डर करत बसले होते. त्यांनी एकदम मान वर केली.

"भाऊ, जरा बाईंच्या जवळ सरका, आनि परत सांगा. पोरीचं नाव घेऊन सांगा."

वडिलांना वाटलं, यांनाही कमी ऐकू येतं. त्यांनी मोठ्याने सगळं पुन्हा सांगितलं.

थोड्या वेळाने दार उघडलं. मुलगी होती. सगळे शब्द काही तिला कळले नसतील, पण आपलं नाव आणि 'काय उपयोग' हा प्रश्न कळला होता.

"बाबा," एकेक अक्षर ओढत ती म्हणाली, "उपयोग हाय."

मी पदराकडे पाहिलं. लाल दिवा चालू होता.

"हिला कुणी सांगितलं?" वडील खुर्चीत बसलेच.

"तुम्हीच की," मी म्हटलं.

त्यांनी लेकीच्या कानातलं यंत्र बोटाने चाचपून पाहिलं. मग म्हणाले, "सुट्टीत तेवढी पाठवा."

"तुम्हाला दिवा दिसला होता ना?" मी नंतर साउंडवाल्यांना विचारलं.

"माझं कामात लक्ष व्हतं," म्हातारा निर्लज्जपणे म्हणाला.

साउंडवाले वारले तेव्हा ती मुलगी रोह्याला कॉलेजात होती. आम्ही दोघी अष्टमीला भेटायला गेलो. घरात सगळे रिवाजाप्रमाणे हळू आवाजात बोलत होते. त्यांची बायको तोंडाला पदर लावून त्यांच्या शेवटच्या दिवसांचं काही सांगत होती. मुलगी पुढे सरकली आणि तिने तो पदर हलकेच बाजूला केला.

"काकू, मोठ्याने सांगा," ती म्हणाली. "मला सगळं ऐकायचंय."