चिंचांचा रस्ता

दुपारच्या लाल गाडीत माझ्या पलीकडच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. दोघींची पंच्याहत्तरी उलटलेली, म्हणून प्रवास फुकट. कंडक्टरने न विचारताच शून्य रुपयांची दोन तिकिटं हातात ठेवली. दोघींना काम काहीच नव्हतं. तालुक्याला जायचं, स्टँडवर चहा प्यायचा आणि त्याच गाडीने परत यायचं.

खिडकीतल्या आजींना दिसत नव्हतं. शेजारची मैत्रीण त्यांना रस्ता सांगत होती.

"आता चिंचा लागल्या बघ. दोन्ही अंगाला."

मी बाहेर पाहिलं. चिंचा कुठल्या असायला? रस्ता रुंद करताना त्या मागच्याच वर्षी तोडल्या. नुसतं पांढरं सिमेंट डोळ्यांत खुपत होतं. मला आधी रागच आला. न दिसणाऱ्या माणसाला असं फसवतात का? मग हळूहळू वाटलं, तिकीट काढून मी फक्त पोचतो. ही बाई मैत्रिणीला अशा रस्त्याने नेत होती, जिथे आता कुठलीच गाडी जात नाही. मीही मनातल्या मनात त्या रस्त्याला लागलो.

"चिंचा आल्या म्हणतेस, मग सावली का लागत नाही गं?" आजींनी विचारलं. ऊन सरळ त्यांच्या तोंडावर येत होतं.

मैत्रिणीने हात लांब करून आपला पदर खिडकीशी धरला, काढला, पुन्हा धरला.

"आत्ता लागली," आजी म्हणाल्या.

त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक झाडं जाऊ लागली.