वेगळं दिसेल ते

नव्वद सालानंतरची गोष्ट. सुरतेबाहेरच्या एका फुलांच्या संशोधन केंद्रात मी प्रयोगशाळा सहायक होते. शेवंतीच्या कटिंगा मुंबईला पाठवायच्या, त्यांवर गॅमा किरणं सोडून आणायची आणि लावायच्या. कितीतरी मरायच्याच. जगलेल्यांत एखादी फांदी वेगळ्या रंगाची निघाली तर निघाली. तिच्यासाठीच सगळा खटाटोप.

आईला मीच तिथे रोजंदारीवर चिकटवलं होतं. पांडेसरा भागातल्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये वाफेने तिची छाती पार कामातून गेली होती आणि डॉक्टरने मिल सोडायला सांगितलं होतं. ती माझी आई आहे, हे मात्र मी केंद्राच्या साहेबांना सांगितलं नव्हतं. लाज वाटायची, दुसरं काय.

फुलं उमलली त्या शनिवारी साहेब म्हणाले, वेगळं दिसेल ते काढून ठेवा. म्हणजे, आमच्या प्रयोगशाळेच्या भाषेत, त्या फांदीला दोरा बांधा, पुढे तिच्याच कटिंगा करू. मी घाईत होते. तेच वाक्य आईच्या अंगावर फेकलं, "माय, न्यारं दिसी ते काढी ठेव," आणि निघून गेले.

आईचं अर्धं आयुष्य खानदेशात कपाशीच्या बीजप्लॉटवर गेलेलं. तिथे वेगळं दिसणारं झाड म्हणजे भेसळ, ते मुळासकट उपटायचं. सोमवारी ती मला हौसेने बांधावर घेऊन गेली. "समदी भेसळ काढी टाकी, पोरी. येक बी नही ठेवी." जांभळ्या वाफ्यातली पिवळ्या फुलांच्या फांद्या निघालेली तीन झाडं तिने ओळीने मांडली होती. दोन दिवसांच्या उन्हात त्यांच्या काड्या झाल्या होत्या.

साहेब मागेच उभे होते. "ये किसने उखाड़ा?"

मी चुकीचं सांगितलं, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "मजदूर है, साहब. समझी नहीं।"

"कल से मत बुलाना।"

आईला हिंदी चांगली समजायची. रिक्षा लिंबायतला, आमच्या वस्तीत पोचली. उतरताना म्हणाली, "बरं कयं तू. नही ते तुनी बी नोकरी जाती."

माझी नोकरी गेली नसती. साहेब दोन दिवस चिडले असते, बस. आई पुन्हा त्याच मिलमध्ये जायला लागली आणि तिसऱ्या हिवाळ्यात छातीच्याच दुखण्याने गेली. शेवटपर्यंत ती शेजारणींना सांगायची की तिच्यामुळे पोरीची नोकरी वाचली. मी तिला तसंच समजू दिलं.