सकाळचं पाणी
ओल्या खाकी कापडाला पेट्रोलचा वास आला की मला पोलादपूरच्या अलीकडचा तो वहाळ आठवतो. शाळा अर्ध्यात सोडून नगरकडून महाडला आलो होतो, पेठेत पोती वाहत होतो, आणि एका ड्रायव्हरचाचांनी आपणहून मोटार शिकवतो म्हणून सांगितलं होतं. मला मात्र मोटारीची धडकी भरायची. 'नको' सांगायचं ठरवूनच त्या दिवशी त्यांच्या उतारूंच्या मोटारीत शेजारी बसलो. वहाळाचं भादव्यातलं गढूळ पाणी रस्त्यावरून वाहत होतं. चाचांनी मोटार थांबवली, खाकी विजार गुडघ्यावर गुंडाळली आणि काठी टेकत पाण्यात उतरले. "सकाळीच तर गेलास हितनं!" मागच्या उतारूंतून कुडपण गावचा एक म्हातारा ओरडला, "आता काय होडी मागवू?" सगळे हसले. "सकाळचं पाणी समुद्राला गेलं, बाबा," चाचा म्हणाले, "ह्या पाण्याची नि माझी वळख नाय." मधोमध काठी हातभर खाली गेली. तळाचे दगड वाहून गेले होते. मोटारीचं पुढचं चाक त्यातच गेलं असतं. मग सगळ्यांनी उतरून खड्ड्यात दगड टाकले, पहिला त्या म्हाताऱ्यानंच. चाचांनाही भीती वाटते आणि तिची त्यांना लाज नाही, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. पलीकडे पोचल्यावर तोंडून निघालं, "चाचा, उद्या किती वाजता येऊ?" "उजाडायला. नि वहाणा घालून येऊ नको, पाण्यात तू उतरायचं हाय." इतकी वर्षं मोटार हाकली, पण अजून वहाळ आला की मी आधी अनवाणी उतरतो, आणि मनातल्या मनात त्यांना सलाम करतो.