डोंगराची चोरी

पोलिसाच्या नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले; पण मन आजही पुन्हा पुन्हा जातं ते एका चोरीला गेलेल्या डोंगराकडे.

शहराच्या पश्चिमेला आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती नुकत्या उभ्या राहत होत्या. त्यातल्या एका कंपनीच्या स्वागतकक्षातून चित्र नाहीसं झालं. फिर्याद घेताना वर्णन विचारलं, तर व्यवस्थापक म्हणाले, "फ्रेंच रिअ‍ॅलिझम! उभे कडे, खडक, खाली ओढा. आमच्या कंपनीचं व्हिजनच आहे ते."

हवालदारांनी लिहिलं, 'डोंगराचे चित्र, नग एक. माणूस नाही.'

फ्रेमवाल्यांना कळवून ठेवलं होतं. चौथ्या दिवशी सदाशिव पेठेतल्या एकाचा फोन आला. "एक जण विचारून गेला, तैलचित्रावरचा शेंदूर कसा काढायचा. मी म्हटलं, लावलात कशाला? तर निघायलाच लागला. उद्या अकराला बोलावलंय. आपण वेळेवर या, मला दुकान आहे."

अकराला आला तो कंपनीतलाच सफाई कामगार निघाला, चाळिशीचा. चौकीत तासभर "मला ठाव नाय" एवढंच. शेवटी मी विचारलं, "शेंदूर कुठल्या देवाचा?" तेव्हा तो बोलला.

"आमच्या डोंगराच्या कड्याला लावायचो, साहेब, दरसाल. कंपनीसाठी सुरुंग लावून फोडला तो. चित्रातला कडा तसाच हाय. आई अंथरुणाला खिळलीय. पूजेचा दिस आला, म्हटलं एक दिस दाखवून परत टांगू. मी चहा ठेवायला उठलो, तेवढ्यात तिनं शेंदूर लावला."

"मग तसंच परत द्यायचं."

"नोकरी गेली असती ना."

परत द्यायच्या इराद्याने वस्तू नेली तरी कायद्याने ती चोरीच. पंच घेऊन त्याच्या घरी गेलो. चित्र खाटेसमोर टेकवलेलं, पुढे दहीभाताचा नैवेद्य. हे न्यावं लागेल म्हटल्यावर म्हातारीने हात जोडले, चित्राला.

"कुठला ह्यो डोंगर?"

"फ्रान्सचा, आजी. लांबचा."

"अजून हाय का, का फोडला?"

"आहे," मी म्हणालो.

कोर्टाने त्याला समज देऊन सोडलं, नोकरी गेलीच. तज्ज्ञांनी चित्र नक्कल ठरवलं, तेव्हापासून व्यवस्थापकांना व्हिजनची आठवण राहिली नाही.

ज्याचं काही गेलं तोच फिर्याद द्यायला येतो, असं मी तोवर धरून चालायचो. ते सोडलं. पडताळल्याशिवाय जबाब खरा मानायचा नाही, ही सवय मात्र सुटली नाही. फक्त त्या दिवशीचं माझं 'आहे' तेवढं मी अजून पडताळलेलं नाही.